बारा शब्दांचं चित्र

आमच्या ऑफिसात त्याला सगळे कानसेन म्हणत. त्याला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम तो इतक्या वेगाने ऐकायचा, की शेजारच्याला ती भाषा कुठली हेही कळू नये. आम्ही बनवलेली वस्तू न दिसणाऱ्या माणसाला वापरता येते का, एवढंच त्याने तपासायचं. आम्हा बनवणाऱ्यांना तो मिस्त्री म्हणायचा. "मिस्त्री, तुझ्या खिडकीत तीन बटणं आहेत आणि तिन्ही बिननावी. पैसे पाठवायचे कुठून आणि रद्द करायचं कुठून, नाणेफेक करू का?" त्याने काढलेल्या चुका खऱ्या असायच्या, म्हणून त्याचा राग जास्त यायचा.

त्या वर्षी आम्ही क्रिप्टोचं पाकीट बनवत होतो. ब्राउझरच्या कोपऱ्यात बसणारं छोटं एक्स्टेन्शन, ज्यातून हे डिजिटल पैसे ठेवता-पाठवता येतात. नवं पाकीट उघडलं की ते बारा साधे शब्द देतं. ते शब्द ज्याच्याकडे, पाकीट त्याचं. बँक नाही, मॅनेजर नाही, ओळखपाळख नाही. हे शब्द दाखवणारा पडदा माझ्याकडे होता. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामला ते उचलता येऊ नयेत म्हणून मी त्यांचं चक्क चित्र करून टाकलं. दिसतील, पण कॉपी होणार नाहीत. मीटिंगमध्ये मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. दोन दिवस मी जरा ताठच चालत होतो.

पाकीट लोकांना खुलं करायला चार दिवस उरले होते, तेव्हा कानसेनने मला त्याच्या टेबलाशी बोलावलं आणि एक इअरफोन माझ्या हातात दिला. त्याने माझ्यासाठी वेग कमी केला. आत बाईचा शांत आवाज म्हणाला, "हे शब्द कागदावर लिहून घ्या. कोणालाही दाखवू नका. चित्र. पुढे."

"तुझे बारा शब्द मला एकाच शब्दात मिळाले," तो म्हणाला.

"हात्तिच्या! मी वाचतो, तू लिहून घे." मी दोन शब्द वाचलेसुद्धा.

"थांब. आता हे पाकीट कुणाचं?"

"तुझं."

"माझं आणि तुझं."

"बरं बाबा, मग घरच्या कुणाकडून वाचून घ्यायचं. तुझा दादा आहे की."

मी हे सहज बोललो होतो. कानसेन थोरल्या भावाकडे राहायचा. दादा त्याला रोज सकाळी सोडायचा, संध्याकाळी न्यायला यायचा, एकही दिवस उशीर नाही.

"दादा आहेच," तो म्हणाला. "माझ्या कार्डाचा चार आकडी नंबर म्हणजे दादाचा वाढदिवस. कारण तो दादानेच ठेवला. डॉक्टरचा रिपोर्ट आधी दादाला कळतो, मग मला. वीस वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. एका मुलीचं. वहिनी जेवणाच्या टेबलावर वाचायला बसली. तिसऱ्या ओळीला ती लाजली आणि पत्र दादाकडे सरकवलं. मग पुढचं दादाने वाचलं, खाकरत खाकरत. उत्तरही त्यानेच लिहिलं. अक्षर फार सुंदर आहे म्हणतात त्याचं."

"मग?"

"मग काय? तिला दादाचं पत्र गेलं." त्याने इअरफोन परत घेतला. "दादा वाईट नाही रे. माझ्यासाठी त्याने खूप केलं. पण मला एक गोष्ट अशी हवी, जी फक्त मला माहीत आहे. एक. कुठलीही चालेल."

त्या दिवशी त्याने तपासणीच्या तक्त्यात माझ्या पडद्यासमोर 'नापास' लिहिलं. मॅडम स्वतः त्याच्या टेबलाशी आल्या. असे वापरणारे कितीसे असणार, पुढच्या आवृत्तीत बघू, म्हणाल्या. "एक तर तुमच्यासमोरच बसलाय, मॅडम," तो म्हणाला. मी शेजारीच होतो, पण मूग गिळून बसलो. चित्राची कल्पना माझी होती, आणि पाठ एकदा थोपटून घेतली की ती परत करणं जड जातं.

पण डोक्यातून ते जाईना. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच चोर होऊन बघितलं. पडद्याचा फोटो काढणारा एक साधा प्रोग्राम लावला, आणि बाराच्या बारा शब्द आरामात उचलले. शिवाय आमच्या खिडकीतला मजकूर दुसऱ्या एक्स्टेन्शनला तसाही वाचता येत नव्हता. म्हणजे चोराचं काहीच अडलं नव्हतं, अडलं होतं ते फक्त कानसेनचं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला माझी लाज वाटली. मॅडमना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "आठवडा घे."

शब्द पुन्हा शब्द झाले. कानसेनच्या सांगण्यावरून आधी 'हेडफोन लावा' अशी सूचना, आणि मग बाण दाबला की एकच शब्द. शेवटच्या तपासणीला त्याने ब्रेलच्या ठिपक्यांनी लिहायची पाटी आणि टोचणी घरून आणली. जाड कागद अडकवला आणि विचारलं, "मॉनिटर बंद आहे ना?"

"बंद आहे."

तो हसला. हे खरं की खोटं, त्याला कसं कळणार? मी मॉनिटरची वायर उपटली, तिचं टोक त्याच्या हातात दिलं आणि खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो. दाराच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती. टोचणीचा टकटक आवाज बाहेरपर्यंत येत होता. मध्येच तो थांबायचा, बोटांनी कागद चाचपायचा, पुन्हा सुरू करायचा. अर्धा तास लागला. मग त्याने तक्त्यात 'पास' लिहिलं.

संध्याकाळी दादा आला. बॅग उचलली, टेबलावरचा कागद सवयीने घेतला, उजेडात धरला, उलटा करून पाहिला. नुसते ठिपके.

"काय लिहिलंय?"

"माझं आहे, दादा."

"ते कळलं. वाच की."

"नाही वाचणार."

दादाला आधी गंमत वाटली. मग वाटेनाशी झाली. "मलापण नाही?"

"तुलापण नाही."

दादाने माझ्याकडे पाहिलं. "काय हो, तुमच्या त्या पाकिटाचं का हे? बरेच पैसे आहेत का त्यात?"

पाकीट तपासणीचं होतं. त्यात एक छदामसुद्धा नव्हता.

"ते त्यालाच विचारा," मी म्हणालो.

दादाने विचारलं नाही. कागदाची घडी घालून त्याने ती स्वतःच्या वरच्या खिशात ठेवली, घरचे सगळे कागद ठेवायचा तशी. दोन पावलं गेला, थांबला, घडी बाहेर काढली आणि धाकट्या भावाच्या हातात दिली.