चारचे आठ

माझ्या पहिल्या नोकरीत मी टोमॅटोची दोनशे रोपं बुडवून मारली. कीड नव्हती, बुरशी नव्हती. मी होते. वय पंचवीस, कृषी महाविद्यालयातून पहिली आलेली, आणि भेटल्यापासून दोन मिनिटांत समोरच्याला ते कळेल अशी व्यवस्था करणारी. इकडे परदेशात, ब्लॅकटाउनच्या नर्सरीत रोपांनी माना टाकल्या, मी पाणी घातलं. त्यांनी आणखी माना टाकल्या, मी आणखी पाणी घातलं. शेवटी रोपं मेली तेव्हा रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘पाणी कमी पडले.’ म्हाताऱ्या मालकाने एक कुंडी उचलून माझ्यासमोर तिरकी केली. माझे बूट भिजले.

झाड कोमेजलं म्हणजे त्याला तहानच लागली असं नसतं. मुळं खराब झाली की पाण्यात उभं राहूनही झाडाला पाणी ओढता येत नाही. पुढची चाळीस वर्षं मी मुख्यतः या एका गोष्टीवर पगार घेतला.

आता मी रिटायर्ड प्लांट पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे झाडांची म्हातारी डॉक्टर. बोलावलं तर जाते. गेल्या वर्षी बोलावणं आलं ते गांजाच्या झाडांसाठी. दचकू नका. कंपनीकडे लायसन्स आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधासाठी ते बंद खोल्यांत, दिव्यांखाली ही झाडं वाढवतात. टूनगॅबी उपनगरातल्या माझ्या मराठी भिशीत हे सांगितल्यावर आधी सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले. मग एकीने हळूच विचारलं, “सुहास, सॅम्पल मिळतं का गं? गुडघ्यांसाठी?”

मॅनेजर ब्रेट मला दारातच भेटला. “थँक्स फॉर कमिंग, सू.”

“सुहासिनी,” मी म्हटलं. “चारच अक्षरं आहेत. जमेल.”

तीन नंबरच्या खोलीतली सगळी झाडं कोमेजली होती. बाकीच्या खोल्या ठणठणीत. ब्रेटचं निदान तयार होतं, गुन्हेगारही तयार होता. वृषाली शिंदे, मूळची बारामतीची, तिथली टेक्निशियन. टाकीत खत मिसळायचं काम तिचं. लिटरला चार मिली घालायचं, तर तिने आठ घातलं, असं ब्रेटचं म्हणणं. खत जास्त झालं की मुळं पोळतात आणि झाड कोमेजतं, हे खरंच आहे.

“पुरावा आहे,” तो म्हणाला. “कॉम्प्युटर बंद होता त्या आठवड्यात तिने स्वतःच्या डायरीत नोंदी ठेवल्या. तिच्याच अक्षरात आहेत. तू फक्त रिपोर्टवर सही कर. ऑपरेटर एरर. शुक्रवारी तिला सोडतोय आम्ही.”

वृषाली कंपनीच्या स्पॉन्सर व्हिसावर होती. नोकरी गेली की नवी कंपनी शोधायची, नाहीतर मुलांची शाळा सोडवून घरी परतायचं. ती कोपऱ्यात हातमोजे घालून उभी होती. माझ्याकडे बघतही नव्हती.

“मी झाड बघितल्याशिवाय सही करत नाही,” मी म्हटलं.

“बट वी नो व्हॉट इट इज.”

“मग मला कशाला बोलावलंस?”

तो घड्याळाकडे बघून आपल्या ऑफिसात गेला. नऊला त्याची व्हिडिओ मीटिंग होती.

ही झाडं मातीत नसतात. प्रत्येक झाड बादलीच्या झाकणात अडकवलेलं, मुळं खाली खताच्या पाण्यात लोंबकळणारी. पाण्यात पंपाने सतत हवा सोडतात, मासे पाळतात त्या टाकीत सोडतात तशी. कारण मुळांनाही श्वास लागतो. मी एक झाकण उचललं. मुळं पांढरी असायला हवी होती. ती चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी, बुळबुळीत होती, आणि तुंबलेल्या मोरीसारखा वास येत होता. हे पोळणं नव्हतं, कुजणं होतं. मग पाण्यात मीटर घातला. पाण्यात खत किती विरघळलंय ते हा मीटर सांगतो. आकडा अगदी हवा तेवढाच. खत दुप्पट घातलं असतं तर तो लपला नसता.

“वृषाली, डायरी दाखव गं.”

तिने हातमोजे काढून ती पुढे केली. मी पान उघडलं आणि मला हसू फुटलं. ते तिला आवडलं नाही.

“मॅडम, माझी नोकरी चाललीय.”

“नाही जात. हिशेब कुठल्या भाषेत करतेस?”

“मराठीत. शाळा मराठीच होती. का?”

तिने सगळीकडे सुरेख, वळणदार ‘४’ लिहिला होता. ब्रेटने तो आठ वाचला होता. वरच्या बाजूने जरा उघडा आठ, पण या देशात त्याला दुसरं काय वाटणार?

पण रोग कोणता नाही हे कळलं म्हणजे रोग कळला असं होत नाही. मुळं कुजली कशाने? पंपाची घरघर चालू होती, बुडबुडे येत होते, सगळं यथासांग. मी स्टूल ओढून बसले. पंचविशीतली मी असते तर तोवर तीन औषधं फवारून झाली असती.

बरोबर नऊ वाजता घरघर थांबली. बुडबुडेही थांबले.

“हा रोज बंद होतो?” मी विचारलं.

“माहीत नाही मॅडम. मी सात ते साडेआठ इथे असते, मग पाच नंबरला जाते. मी असते तेव्हा चालू असतो.”

पंप भिंतीला टेकून होता. भिंतीपलीकडे ब्रेटचं ऑफिस. पंपामागे एक कोरा करकरीत टायमर होता. सकाळी नऊला बंद, संध्याकाळी पाचला चालू.

मी मीटिंग संपायची वाट बघितली नाही. दार उघडलं. स्क्रीनवर सात-आठ चेहरे होते, त्यात कंपनीच्या मालकीणबाईही.

“ब्रेट, पंपाला टायमर कोणी लावला?”

“सू, नॉट नाऊ...”

“सुहासिनी. कोणी?”

“मीच सांगितलं लावायला. कॉलवर आवाज यायचा. पण रात्रभर चालू असतो ना तो!”

“तू आठ तास श्वास रोखून धर,” मी म्हटलं. “मग रात्रभर घे.”

स्क्रीनवर कोणीतरी खोकलं. ब्रेट लाल झाला. “आणि डायरीतला डबल डोस? दॅट्स इन ब्लॅक अँड व्हाइट.”

मी पान त्याच्यासमोर धरलं. “वर तारीख आहे. वाच.”

त्याने वाचलं. “नाइंटी-एट.” मग थांबला.

“अठ्ठ्याण्णव तारीख? कुठल्या महिन्यात असते?”

तिथे ‘१४’ लिहिलं होतं. आपला एक त्यांना नऊसारखा दिसतो आणि आपला चार आठसारखा. मालकीणबाईंनी पान कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितलं. मी धरलं. एक कागद मागवून एकपासून दहापर्यंत आकडेही लिहून दाखवले, बालवाडीत दाखवतात तसे. त्या म्हणाल्या, “ब्रेट, प्लीज टेक दॅट टायमर ऑफ. नाऊ.”

अर्धी झाडं टाकून द्यावी लागली. बाकीच्यांच्या बादल्या धुऊन, पाणी गार ठेवून, पंप अखंड चालवला, तेव्हा दहा दिवसांत त्यांना नवी पांढरी मुळं फुटली. रिपोर्टवर मी सही केली. कारणाच्या रकान्यात ‘हवा बंद’ लिहिलं आणि कोणाच्या सांगण्यावरून बंद, तेही लिहिलं. ब्रेटने ते वाक्य काढायची विनंती केली. मी नाही म्हटलं. त्याने सौम्य करायची विनंती केली. तेही नाही म्हटलं. त्याची नोकरी गेली नाही, फक्त ऑफिस बदललं. वृषालीला कंपनीकडून माफीचं पत्र मिळालं. त्यात तिच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. ते तिने दुरुस्त करून मागितलं, मग घेतलं.

धडा एवढाच, की गुन्हेगार आधी सापडला असेल तर रोग शोधायला कोणी जात नाही. म्हणून मी आधी मुळं बघते.

त्या दिवशी वृषालीने मला गाडीपर्यंत सोडलं. तोवर मी मॅडमची काकू झाले होते. दार लावता लावता ती म्हणाली, “काकू, तुम्ही आत भांडत होतात ना, तेव्हा मला वाटलं, आता माझ्याबरोबर तुमचीही नोकरी जाणार. मग आठवलं, तुम्हाला नोकरीच नाहीये.”