तात्यांचा आवाज आणि डावा स्पीकर

जळोचीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीला मी स्टुडिओ म्हणतो, बायको अडगळ म्हणते आणि गिऱ्हाइकं 'ती गाद्या लावलेली खोली' म्हणतात. तिघांचंही खरं आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, कोपऱ्यात माईक, टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याच्या दोन बाजूंना दोन काळे स्पीकर. हळदीची गाणी, रिक्षावरून फिरणाऱ्या दुकानांच्या जाहिराती, कुणातरी भाऊंच्या वाढदिवसाचं गाणं, असलं सगळं इथं तयार होतं. भाऊ बदलतात, चाल तीच राहते.

माझा सगळा धंदा त्या दोन स्पीकरांवर. स्टुडिओचा स्पीकर गोड बोलणारा नको, खरं बोलणारा हवा, हे लोकांना सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आलाय. गाणारा बेसूर असेल तर त्यानं बेसूरच ऐकवावं. पण आमच्याकडं स्पीकर म्हणजे छातीत दणका बसला पाहिजे आणि शेजारच्याच्या खिडकीच्या काचा वाजल्या पाहिजेत. एक नवरदेव माझे स्पीकर ऐकून म्हणाला, ह्यात काय दम नाही. त्याला मी चहा न विचारताच वाटेला लावला. माझा स्वभाव तसा बरा आहे, पण स्पीकरला नावं ठेवलेली खपत नाहीत.

तात्या, म्हणजे माझे वडील, कऱ्हाटीला असतात. ऊस, दोन म्हशी आणि देवळातलं भजन एवढा त्यांचा पसारा. गावच्या भजनात पुढं बसून गाणारे तेच, बाकीचे मागून उचलतात. माझ्या कामाला ते 'वाजवावाजवी' म्हणायचे. स्टुडिओत आजवर दोनदाच आलेले, एकदा पूजेला आणि एकदा मोबाईलचा चार्जर शोधायला.

यंदा त्यांचा घसा बसला तो उठेचना. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे, भिण्यासारखी नाही, पण काढावी लागेल. आणि काढल्यावर आवाज आहे तसाच राहील याची खात्री देता येणार नाही. तात्यांनी फक्त मान हलवली. परत येताना गाडीत ऊसतोडीच्या टोळीबद्दलच बोलत होते. पण आठवड्यानं त्यांचा फोन आला.

"तुज्याकडं ते मशीन हाय न्हवं? एक गवळण भरून घे माजी. घसा कापायच्या आधी."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर उगाचच बाहेर जाऊन गाडी पुसत बसलो.

ऑपरेशन बुधवारी होतं. शनिवारी ते टोपी, उपरणं, सगळं नीटनेटकं करून आले, जणू देवळातच बसायचंय. माईकला आधी जरा बिचकले, मग डोळे मिटले आणि गायले. बोलताना आवाज अडखळायचा, गाताना मात्र थोडी खरखर सोडली तर अजून भरदार लागायचा. एका दमात गवळण झाली. आता ऐकवतो म्हणून मी बटण दाबलं, आणि डाव्या स्पीकरनं फरफर, फरफर सुरू केलं. वाऱ्यात पतंगाचा कागद फाटावा तसं.

तात्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हटलं, स्पीकर बिघडलाय, तुम्ही हेडफोनवर ऐका. तर म्हणाले, कानात बूच कोंबून भजन ऐकत नसतात. मोबाईलवर ऐकवू का, तर मोबाईलमध्ये माणूस चिमणीएवढा होतो. सोमवारी येतो, तोवर नीट कर, एवढं बोलून ते एसटी पकडायला निघाले.

स्पीकर खोलला तर आत आजार दिसलाच. मोठ्या पडद्याभोवती स्पंजची एक गोल कड असते, तिच्यावरच तो पडदा मागंपुढं हलतो. ती कड उन्हानं आणि साखर कारखान्याच्या काजळीनं पार सडली होती. बोट लावलं तर बिस्किटासारखी भुगा झाली. रविवारी सकाळीच तो स्पीकर घेऊन इंदापूर गाठलं. तिथं डीजेचे स्पीकर दुरुस्त करणारा एक जण आहे. त्यानं माझा स्पीकर हातावर तोलून पाहिला आणि दयेनं हसला. हा पडदा काढून टाकू, असा जाडजूड बसवून देतो की गल्लीत माणूस उभा राहणार नाही, असं त्याचं म्हणणं. गल्लीत माणूस उभा राहिला पाहिजे, असं माझं म्हणणं. आमचं बराच वेळ जुंपलं. पण माणूस दिलदार. शेवटी खोक्यात हात घालून त्यानं बरोबर मापाची नवी कड काढून दिली आणि म्हणाला, तुमचं तुम्ही चिकटवा, मला हे पाप नको.

मग माझा दवाखाना स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला. जुना गोंद काही केल्या सुटेना, तेव्हा बायकोच्या कपाटातली नखांचा रंग काढायची बाटली आणली. गोंद सुटला, बाटली संपली, आणि रविवारचं मटण आम्ही त्या वासातच खाल्लं. नवी कड चिकटवून भोवती कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. पडदा चारी बाजूंनी हलकेच दाबून बघितला, कुठं घासत नव्हता. माझ्यावर मीच खूश.

राहता राहिल्या वायरी. दोन्ही काळ्या, एकीवर म्हणे बारीक पांढरी रेघ असते. काढायच्या आधी फोटो काढावा असं शहाणी माणसं सांगतात. मी काढला होता, पण त्यात निम्मा माझा अंगठाच आला होता. म्हटलं, इतकी वर्षं वायरीच जोडतोय आपण. जोडल्या. नुसता डावा स्पीकर लावून पाहिला, तर आवाज कसा टणटणीत. फरफर गायब. बायकोला मुद्दाम बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, छान, आता माझी बाटली आणा.

सोमवारी तात्या मुक्कामालाच आले, पुण्याला इथूनच जायचं होतं. दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली आणि मोठ्या ऐटीत गवळण लावली.

आवाज आला, पण तो तात्यांचा नव्हता. शब्द तेच, सूर तोच, पण पोकळ. छातीतून येणारा जो भरीव आवाज, तो गेलेला. समोरून यायचा तो कुठून तरी बाजूनं, भिंतीतून आल्यासारखा. मी तात्यांकडं बघितलं. ते गुडघ्यावर ताल धरून बसले होते, तो हात हळूहळू थांबला.

"गेलाय की रं आदीच," ते म्हणाले. "पुसून टाक. असला आवाज मागं ठिवायचा न्हाय मला."

मी धडाधड सांगायला लागलो, की रेकॉर्डिंग चांगलं आहे, मी स्वतः हेडफोनवर ऐकलंय, चूक स्पीकरची आहे. पण आदल्याच दिवशी मी फोनवर स्पीकर एकदम ओके झाल्याच्या बढाया मारलेल्या. त्यांना वाटलं, पोरगं समजूत घालतंय. डोळ्यांसमोर हेडफोन धरले तर त्यांनी हातानं बाजूला सारले. रात्री जेवताना बायकोला म्हणाले, पुढच्या एकादशीपासून पुढं दुसऱ्या कुणाला तरी बसवा म्हणून भजनी मंडळाला सांगतो. मला त्यांचा राग आला, स्वतःचा आला, इंदापूरच्या त्या दिलदार माणसाचाही आला. ऑपरेशननं आवाज गेला असता तर गोष्ट वेगळी. माझ्या स्पीकरपायी तो आधीच गेला असं मानून हा माणूस पुण्याला निघणार, हे मला सहन होईना.

मंगळवारी सकाळी मी पुन्हा सगळं उचकून बसलो. केबल बदलली, बटणं बघितली, गाद्या हलवल्या. डावा एकटा लावला, छान. उजवा एकटा लावला, छान. दोन्ही लावले की पोकळ. मी स्पीकरला चार शिव्या हासडल्या, तेव्हा दारात तात्या चहाचा पेला घेऊन उभे होते.

दुसऱ्याच्या बिघडलेल्या यंत्रापाशी उभं राहिल्यावर शेतकरी गप्प बसत नाही, मग स्वतःचं मन कितीही खट्टू असो. त्यांनी विचारलं, दोन्ही चालू आहेत का. मी म्हटलं, हो. मग आवाज का नाही? मी म्हटलं, तेच तर कळत नाही. चालतात दोघंही, पण दोघं मिळून जोर लागत नाही.

तात्यांनी पेला खिडकीत ठेवला.

"हिरीवरची मोटर उलटी फिरती तवा आसंच हुतं," ते म्हणाले. "घरघर त्येवढीच, पर पाणी येतं करंगळीएवढं. दोन वायरी पलटायच्या. तू पलटल्यास का?"

आमच्या भागात नवी मोटर बसली, की स्टार्टरच्या पेटीतल्या दोन वायरींची अदलाबदल हा पहिला उपाय. लहानपणापासून तात्यांना ते करताना मी बघितलं होतं. आणि मी इंटरनेटवर तासन्‌तास व्हिडिओ बघत बसलो होतो.

आम्ही भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. दोन्ही स्पीकरांचे पडदे खोलून त्यांच्या वायरींना तात्या एकसारखाच सेल टेकवत गेले, रेघवाली वायर सेलच्या वरच्या टोकाला, साधी खालच्या. उजव्याचा पडदा टुपकन बाहेर आला. डाव्याचा आत गेला. पुन्हा टेकवला, पुन्हा आत. एक ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता, आणि दोघांच्या भांडणात तात्यांच्या आवाजाचा जीव गेला होता. पडद्यामागच्या खुणा भिंगातून बघितल्यावर दिसलं, पांढऱ्या रेघेची वायर मी चुकीच्या टोकाला जोडलेली.

"तरी म्हनलं," तात्या म्हणाले. त्यांच्या मिशीत हसू होतं.

वायरी त्यांनीच बदलल्या. मला हात लावू दिला नाही. मी स्क्रू घट्ट केले, ते पुन्हा खुर्चीत बसले आणि मी गवळण लावली.

समोरच्या भिंतीपाशी, दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, जिथं काहीच नव्हतं, तिथं तात्या उभे राहून गायला लागले. खरखर होती, पण छाती होती. मला वाटलं ते खूश होतील, काहीतरी बोलतील. ते पुढं झुकून, एक डोळा बारीक करून ऐकत राहिले, उसाची मोळी बांधलेली तपासावी तसे. गवळण संपली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी कॉम्प्युटरकडं तोंड करून लपवलं.

"तिसऱ्या कडव्याला दम तुटलाय," तात्या म्हणाले. "परत घे."

मी म्हटलं, तात्या, डॉक्टरांनी आज घशाला आराम द्यायला सांगितलाय. उद्या ऑपरेशन आहे.

"आराम उद्यापासनं हायच की. उद्या त्यो आवाज डाक्टरचा. आज माजा हाय."

त्यांनी उपरणं झटकलं, घसा साफ केला आणि माईकपाशी जाऊन उभे राहिले. मी बायकोला हाक मारून सांगितलं, मिक्सर बंद कर, तात्या गातायत.