मिस व्हर्नेल जेवायला जातात

मिस व्हर्नेल पिटमन कुणाच्या दारात उभ्या राहिल्या, की त्या घरातली माणसं आधी एकमेकांची तोंडं मोजायची. बाई साखर मागायला आल्या असल्या तरी. एकदा खरंच साखर मागायला गेल्या होत्या, शेजारच्या लोला पेटवेकडे. लोलानं वाटी भरायच्या आधी आतल्या खोलीत जाऊन झोपलेल्या नवऱ्याच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं. ही हकीगत लोलानंच मला हसत हसत सांगितली. तेव्हा मी तिचे केस सरळ करायला गरम कंगवा लावत होते म्हणून गप्प बसले, नाहीतर चांगली सुनावणार होते.

धंदाच तसा होता ना. आमच्या गावात काळ्या माणसाची मयत झाली की ती पिटमनकडे जायची. आंघोळ, कपडे, पेटी, चर्च, दफन, सगळं तिथूनच व्हायचं. नवरा इझेल होता तोवर तो पुढे आणि मिस व्हर्नेल मागे. इझेल गेला तेव्हा त्याचंही सगळं बाईंनी स्वतःच्या हातानं केलं, आणि त्यानंतर धंदाही त्यांनीच ओढला. मुलगा क्लीव्हलंडला नोकरीला. आईच्या हातांना वास येतो, असं त्यानं तोंडावर सांगितलं होतं, मेल्यानं. मी पडले केस करणारी. आठवडाभर जिवंत बायकांचे, आणि पिटमनकडून बोलावणं आलं की मेलेल्यांचे. मला तो वास कधी आलाच नाही, म्हणून आमचं जमायचं. बाकी सगळं गाव त्यांना मान द्यायचं, रस्त्यात टोपी काढायचं, आणि घरी मात्र कुणी बोलवायचं नाही.

आता या बाईंनी काय काय केलं ते ऐका. एका मयतीमागे किती कामं निघतात, हे त्यांनी जेवढं ओळखलं तेवढं कुणीच ओळखलं नव्हतं. फुलं लागतात, छापील पत्रिका लागतात, मोटारी लागतात, पेटीला आतून अस्तर लागतं, आणि दफन करून आल्यावर सगळ्यांना जेवण लागतं. पूर्वी यातलं बरंचसं काम नदीपलीकडच्या गोऱ्यांच्या दुकानांत जायचं. मिस व्हर्नेलनी एकेक करून ते आमच्या माणसांकडे वळवलं. हेझल नावाची एक मुलगी घरोघरी फाटके परकर शिवत हिंडायची, तिला अस्तराचं काम दिलं. आज ती पडद्यांचं दुकान चालवते आणि मला ओळख दाखवायलाही तिला वेळ नसतो.

चर्चमधले पुठ्ठ्याचे हातपंखेही तसेच. त्यांच्या मागच्या बाजूला वर्षानुवर्षं पिटमनची जाहिरात असायची. बाईंनी आपलं नाव कोपऱ्यात बारीक करून टाकलं आणि वर ठसठशीत अक्षरांत गावातल्या नव्या धंद्यांची नावं छापली, फुकट. उकाड्यात उपदेश लांबला की माणूस दुसरं काय करणार? पंखा वाचतो. "पास्टरसाहेब जितकं ताणतील तितका आपल्या माणसांचा फायदा," असं त्या गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या. धंदेवाल्या बायकांचं मंडळ काढलं तेही त्यांनीच. गोऱ्यांच्या बँकेत कसं बसायचं, काय बोलायचं, कुठे अजिबात हसायचं नाही, हे त्या बायकांकडून घोटवून घ्यायच्या.

मंडळ त्यांच्याच दिवाणखान्यात भरायचं. खाली मयतांच्या खोल्या, वर यांचं घर. दर खेपेला त्या पहाटे उठून लोण्याचा केक करायच्या. बायका यायच्या, सल्ला घ्यायच्या, कॉफीचा कप हातात धरून बसायच्या, पण केकाला एकही हात लागायचा नाही. "सगळ्यांचा आज उपास दिसतोय," असं म्हणून मिस व्हर्नेल हसायच्या. मी एकटी दोन दोन तुकडे खायचे. जिन्यावरून उतरताना एकदा कुणीतरी हळूच म्हणालं, "लोणी कुठलं घातलंय, मढ्याच्या टाळूवरचं?" आणि सगळ्या खिदळल्या. ज्यांची दुकानं या बाईंच्या जिवावर उभी राहिली, त्याच खिदळल्या. मला इतका राग आला होता की पुढचा महिनाभर त्यांतल्या कुणाच्याही केसांना मी धड हात लावला नाही.

आमच्या जॉर्जियाचा शेंगदाणे पिकवणारा शेतकरी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, त्याच्या पुढच्या वसंतात रोझेटा मॅबरीनं हॉटेल काढायचं ठरवलं. रोझेटाचा हात म्हणजे काय सांगू. गिरणीच्या खानावळीत भांडी घासत होती, तिथून मिस व्हर्नेलनी तिला उचललं आणि दफनानंतरच्या जेवणाचं काम दिलं. तिनं केलेलं बैलाच्या शेपटीचं कालवण आणि कॉलर्डच्या पाल्याची भाजी खायला मयताची ओळख नसलेली माणसंही थांबायची. पाइन स्ट्रीटवर चपलांचं जुनं दुकान रिकामं झालं होतं, ते तिला हवं होतं. बँकेनं गोड बोलून नाही म्हटलं.

मग मिस व्हर्नेल टोपी आणि हातमोजे घालून बँकेत जाऊन बसल्या, आणि आपलं राहतं घर, धंद्यासकट, रोझेटासाठी तारण म्हणून लिहून दिलं.

"ती बुडाली तर तुमचं घर जाईल, बाई," मी म्हटलं.

"गेलं तर तिच्या माडीवर राहीन. खाली जेवायची सोय तर होईल." मग म्हणाल्या, "झेनोबिया, मला तिच्याकडून एकच हवंय गं. उघडायच्या दिवशी आत बसून जेवायचं. टेबलावर, चार माणसांत. इझेल गेल्यापासून मी माणसांच्या आवाजात जेवलेले नाही."

मला वाटलं होतं, यात काय अवघड आहे.

उद्घाटन शनिवारी होतं. त्याआधी दोन दिवस रोझेटा माझ्या दुकानात आली. केस करायला नव्हे. खुर्चीत बसली आणि पर्सची कडी उघडझाप करत राहिली.

"झेनोबिया, तू त्यांच्या जवळची आहेस. त्यांना म्हणावं, शनिवारी येऊ नका. नंतर कधीही या म्हणावं, मागच्या दारानं. मी स्वतः वाढीन."

"वा गं वा. गरज सरो, वैद्य मरो."

"तू मला बोल हवं तेवढं. पण लोक काय म्हणतात ते ऐकलंस का? रोझेटाचं जेवण म्हणजे मयताचं जेवण म्हणतात. माझा हात चांगला आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो चाखलाय सगळ्यांनी काळे कपडे घालून. पहिल्याच दिवशी त्या समोर बसल्या तर कुणाच्या घशाखाली घास उतरेल? आणि हॉटेल नाही चाललं तर घर कुणाचं जाणार, माझं की त्यांचं?"

तिचं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. रोझेटा रडायला लागली. ती वाईट नव्हती, घाबरलेली होती. शेवटी आमचं असं ठरलं की मिस व्हर्नेलनी यावं, पण काळा कपडा नको, काळी मोटार नको, आणि कुणाची तब्येत विचारायची नाही.

ते शेवटचं महत्त्वाचं. मिस व्हर्नेलची एक रीत होती. हात पुढे बांधून हळू चालत यायच्या, माणसाच्या खांद्यावर हात ठेवून वाकायच्या आणि मऊ आवाजात विचारायच्या, "तब्येत कशी आहे?" मनापासून विचारायच्या, मी शपथेवर सांगते. पण त्यांनी विचारलं की भल्याभल्यांच्या काळजाचं पाणी व्हायचं.

मी त्यांना सगळं सांगितलं. लपवून काय करणार होते? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. "मग काय घालू? पिवळा आहे माझ्याकडे. इझेलनं घेतला होता, कधी घातलाच नाही."

मग त्या संध्याकाळी आम्ही दोघी त्यांच्या खालच्या दालनात चालायचा सराव करत होतो. मी म्हणायचे, "हात हलवा. भराभरा. बाजाराला निघाल्यासारख्या." त्या हात हलवायच्या आणि चार पावलांत हात आपोआप पुन्हा पुढे येऊन बांधले जायचे. आम्ही हसून हसून पेट्यांवर टेकलो.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," मी म्हटलं.

"मेल्यावर मात्र नक्की जाते," मिस व्हर्नेल डोळे पुसत म्हणाल्या. "ते मी खात्रीनं सांगते."

शनिवारी पाइन स्ट्रीटवर दारापासून कोपऱ्यापर्यंत रांग होती. आम्ही दोघी चालत गेलो. पिवळ्या पोशाखात त्या इतक्या छान दिसत होत्या की न्हाव्याच्या दुकानातली माणसं, ही कोण म्हणून, बाहेर येऊन बघायला लागली. रोझेटानं खिडकीजवळचं टेबल ठेवलं होतं, दोघींसाठी. आत नुसता कल्लोळ चालला होता. भांड्यांचे आवाज, पोरांचा दंगा, शिवाय कुणीतरी लावलेला रेडिओ. मिस व्हर्नेल खुर्चीत बसल्या, हात टेबलावर मोकळे ठेवले आणि नुसत्या ऐकत राहिल्या.

"किती आवाज आहे गं," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर तसं सुख मी कधीच पाहिलं नव्हतं.

कुणी त्यांच्याकडे बघितलं, कुणी नाही. एकदोघी बायका ओळखीचं हसल्या. मला वाटलं, जमलं बाई. ताटं आली. कालवण, भाजी, मक्याचा पाव, वर वाफ. मिस व्हर्नेलनी डोळे मिटून देवाचे आभार मानले आणि काटा उचलला.

शेजारच्या टेबलावर डीकन ब्रॅसवेल बसले होते, चर्चमधले सगळ्यांत जुने कारभारी. हिवाळाभर इस्पितळात काढून नुकतेच घरी आले होते. त्यांना पावाचा घास लागला नि ठसका आला. फार काही नाही, साधा ठसका. पण या बाई काटा ठेवून उठल्या. मी खालून त्यांचा पोशाख ओढला, पण त्यांचं लक्षच नव्हतं. त्या त्यांच्याजवळ गेल्या, खांद्यावर हात ठेवला, वाकल्या आणि त्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "तब्येत कशी आहे आता, डीकन?"

डीकननी काटा खाली ठेवला. त्यांच्या बायकोनं पर्स मांडीवर घेतली. त्यांच्या मागचं टेबल गप्प झालं, मग त्याच्या मागचं, आणि मग कुणीतरी रेडिओही बंद केला. रांगेतल्या पुढच्या माणसानं काचेतून आत बघितलं आणि बायकोच्या कानाशी लागला. रोझेटा स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभी होती.

मिस व्हर्नेलनी हात मागे घेतला. त्यांना कळलं होतं. भाजलेल्या माणसासारखा त्यांनी तो हात दुसऱ्या हातात धरला आणि आमच्या टेबलाशी आल्या.

"रोझेटा, मला हे बांधून दे, पोरी," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "घरी काम आहे."

कुणाच्या तरी तोंडातून 'अरे देवा' निघालं. त्यांच्या लक्षात आलं.

"म्हणजे कपड्यांच्या घड्या घालायच्यात," त्या घाईनं म्हणाल्या. "तेवढंच काम आहे. माझ्याच कपड्यांच्या."

कुणी हसलं नाही. रोझेटानं स्वतः ताट आत नेऊन चांदीच्या कागदात गुंडाळून आणलं, कडेनं नीट दुमडून. त्यांच्या हातात देताना तिनं मान वर केली नाही. मी खुर्ची मागे सारून उठायला लागले, तेवढ्यात मिस व्हर्नेलनी माझा खांदा दाबला.

"तू बस."

"मी येते तुमच्याबरोबर."

"तू उठलीस तर लोकांना वाटेल जेवणातच काही आहे. बसून जेव. पोटभर जेव. दुसऱ्यांदा वाढून घे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं माग."

"मला घास उतरायचा नाही, बाई."

"उतरव," त्या म्हणाल्या. "हॉटेल चाललं पाहिजे." आणि गेल्या. खिडकीतून मला त्यांची पिवळी पाठ दिसत होती, कोपऱ्यापर्यंत. रांगेतल्या माणसांनी त्यांच्यासाठी वाट मोकळी केली, जरा जास्तच मोकळी केली.

दार लागलं आणि थोड्या वेळानं कुणीतरी खाकरलं. डीकननी काटा उचलला. रेडिओ पुन्हा लागला. एक पोर रडायला लागलं, आईनं त्याच्या तोंडात पाव कोंबला, आणि बघता बघता मघाचाच कल्लोळ झाला. रोझेटाच्या पुतणीनं माझ्यासमोरची जागा फडक्यानं पुसली आणि रांगेतली एक बाई आणून तिथं बसवली. ती बाई हसून मला म्हणाली, "काय नशीब बघा, लगेच जागा मिळाली."

मी समोरचं सगळं खाल्लं. कशाला कसली चव होती ते मला आजही सांगता यायचं नाही. मग ताट वर धरलं आणि शेवटच्या टेबलापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "रोझेटा, अजून वाढ गं, असं जेवण कुठे मिळतं?"