पडद्यावर न आलेलं बोलणं

सिनेमा सुरू होऊन अर्धा तास झाला होता आणि मी पडद्याकडे बघतच नव्हते. तिसऱ्या रांगेतल्या शेवंतामावशींकडे बघत होते.

वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात दरवर्षी स्पॅनिश सिनेमांचा महोत्सव होतो. मी स्पॅनिश शिकवते, म्हणून मराठी सबटायटल्सही माझ्याकडेच. सबटायटल म्हणजे पडद्यावर खाली येणारा अनुवाद. फार तर दोन ओळी, त्याही काही सेकंदांत वाचून व्हायला हव्यात.

त्या वर्षीच्या सिनेमात डोंगरातल्या खेड्यातली एक म्हातारी होती. तिची गावरान स्पॅनिश मला पुस्तकी मराठीत जमेना. म्हणून मी पवनारला शेवंतामावशींकडे गेले. त्या वर्ध्यात, बोरगावातल्या आमच्या गल्लीत भाजी विकायला आणतात.

"मुलगी रुसून गेली, बारा वर्षांनी परत आली. आई काय म्हणेल?"

मेथी निवडता निवडता त्या थांबल्या. "काय म्हनन? पह्यले जेवून घे, भांडजो मंग."

तीन दुपारी बसून त्यांनी म्हातारीचं सगळं बोलणं मला दिलं.

महोत्सवाच्या चार दिवस आधी समन्वयक सरांनी फाइल पाहिली.

"मॅडम, हे शुद्ध करा. दिल्लीचे पाहुणे येतायत."

"सर, म्हातारी खेड्यातली आहे."

"वऱ्हाडी वाचलं की लोक हसतात. रडायच्या जागी हसतील."

उत्तर मला सुचलं होतं. पण त्याच महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं. मी एका दिवसात सगळं बदललं. मावशींना कळवलं नाही.

त्या नवी साडी नेसून, दोन जावांना घेऊन आल्या. "माह्यं बोलनं हाय त्यात," असं दारावरच सांगितलं.

मुलगी परत आली तो सीन आला. खाली उमटलं, 'आधी जेवून घे, नंतर भांडू.'

"हे तुयं हाय का वं?" जावेनं विचारलं.

"नाई. थांब, येईन पुढं."

त्या शेवटपर्यंत थांबल्या.

दिवे लागल्यावर मी जवळ गेले. "मावशी, ते सरांनी..."

"चांगला होता सिनेमा," त्या म्हणाल्या. "चाला वं, बस निंगून जाईन."

पुढच्या वर्षी नवी स्क्रिप्ट घेऊन मी पुन्हा गेले. त्यांनी चहा दिला. "तूच लिव. तुले येते सारं." त्या रागावल्या असत्या, तर मला काही बोलता आलं असतं.

आता सबटायटल करायला शिकवताना मी विद्यार्थ्यांना टायमिंगच्याही आधी एक गोष्ट शिकवते. कुणाचं बोलणं मागून घेतलं आणि वापरलं नाही, तर सिनेमा लागायच्या आधी त्याला सांगा. फोनवर नाही, जाऊन. पवनार वर्ध्याहून बसनं वीस मिनिटांवर आहे.