रिकामी वर गेलेली डोली

माझी थोरली बहीण आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. एकदा एका बाळंतपणासाठी तिला डोलीत बसवून बौद्धवाडीत न्यावं लागलं. पुढचं सगळं त्या डोलीतून निघालं.

रत्नागिरीकडच्या पालीपासून आत, जांभ्याच्या सड्याखाली, त्या उघड्या कातळाच्या पठाराखाली, आमचं गाव. उपकेंद्र खाली, एस.टी.च्या रस्त्याला. बौद्धवाडी वर, आणि तिथं जायला फक्त पाखाडी, म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या. कुणब्यांच्या वाड्यांना बैलगाडी जाईल एवढा तरी रस्ता आहे, बौद्धवाडीला नाही. का नाही, ते मी चळवळीच्या तीन पत्रकांत लिहिलंय. आमचं घरही कुणब्यांचंच, म्हणून मला ते लिहायची जास्त लाज वाटायला हवी होती. तेव्हा मला फक्त राग यायचा.

वाडीतला आजारी माणूस खाली आणायचा तर खुर्चीला दोन बांबू बांधायचे, चौघांनी खांदा द्यायचा. ती डोली. त्या दिवशी वाडीतली एक सून अडली होती, तिला हलवणं शक्य नव्हतं. ताई बॅग घेऊन निघाली आणि पाखाडीच्या पहिल्या वळणावर तिचे गुडघे थांबले. वजन किती होतं ते केंद्रातला काटा सांगत नव्हता. तो एकशेवीसला संपायचा. शेवटी वरून चौघेजण डोली घेऊन आले आणि त्यांनी ताईलाच तिच्यात बसवलं.

बांबू करकरायला लागले तसा पुढचा म्हणाला, "बाई, डोलीतनं पेशंट खाली आनायचा असतो. आज उलटंच झालं."

मागचा म्हणाला, "गप चल. पेशंट हलकी हाय, डाक्टरीण वजनदार पायजेच."

सगळे हसले. ताईही हसली. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. तिनं तो सोडवला, मुलगी रडली, बाळंतीण सुखरूप राहिली. पण दुसऱ्या दिवशी सुया उकळताना ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "अजून थोडा उशीर झाला असता तर ती पोर गेली असती. माझ्या पोटामुळे."

वरचे साहेब आधीपासूनच सांगत होते, रत्नागिरीला टेबलावर या, रजिस्टरं लिहा, फिरतीला दुसरी नर्स देऊ. ताईला टेबल नको होतं. तिला हीच पाखाडी हवी होती. आणि उपाय करून झाले नव्हते असं नाही. वर्षभर भात सोडला. कुणा वैद्याचं चूर्ण खाल्लं. आईनं तर परस्पर नवस बोलून ठेवला आणि तिला गणपतीपुळ्याला चालत न्यायला निघाली. अर्ध्या वाटेवर दोघी एस.टी.त बसल्या.

मग कळलं की मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात एक सर्जन पोट लहान करायचं ऑपरेशन करतात, परदेशात शिकून आलेत. पोटाला आतून धातूच्या टाचण्यांची ओळ मारायची आणि वर कोंबडीच्या अंड्याएवढी पिशवी ठेवायची. माणूस खाणार ते तेवढंच.

मी भडकलो. "इथं लोकांना दोन वेळचं पुरत नाही, आणि तू कमी जेवता यावं म्हणून पोट कापून घेणार? ही श्रीमंतांची थेरं आहेत!"

"माझे गुडघे श्रीमंत का गरीब ते तू ठरव. मला पाखाडी चढायचीय."

मी तेवढ्यावर थांबलो नाही. एक पत्रक लिहून काढलं, मथळा दिला 'पोटावर सुरी कुणासाठी?' सायक्लोस्टाइल करायच्या आधी कागद तिच्या हाती लागला. तिनं सगळा वाचला, घडी घातली आणि परत दिला. म्हणाली, "चांगलं लिहिलंस. छापायचं असेल तर माझं नाव घालून छाप. आडून लिहू नको." मी तो कागद चुलीत घातला. खरं तर तिथंच मला कळायला हवं होतं की आमच्या घरातलं धीट माणूस मी नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ती रेशन दुकानात गेली आणि भर गिऱ्हाइकात म्हणाली, "पोत्यांच्या काट्यावर उभी राहते. आकडा मोठ्यानं वाच." दुकानदारानं वाचला. एकजण कुजबुजला, "दीड पोतं." ताई म्हणाली, "बरोबर. आता लक्षात ठेव." ऑपरेशन कसलं, ते मात्र तिनं घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. गावात पित्ताशयाचं म्हणून गेलं.

इस्पितळात मी तिच्याबरोबर होतो. सर्जन कमी बोलणारे होते. त्यांनी केसपेपरच्या मागे पोटाचं चित्र काढलं आणि म्हणाले, "बाई, मी फक्त दार लहान करतो. आत काय सोडायचं ते आयुष्यभर तुम्हीच बघायचं. यातून माणूस दगावूही शकतो. विचार करा."

"केलाय," ताई म्हणाली.

अशा डॉक्टरांबद्दल मी आजवर एकही बरा शब्द लिहिलेला नाही. यांच्याबद्दल लिहितो. त्यांनी तिला एकदाही 'जाडी' म्हटलं नाही, एकदाही उपदेश केला नाही. वॉर्डातल्या आया मात्र स्ट्रेचर ढकलताना सगळ्यांना ऐकू जाईल असं कण्हायच्या. ताई त्यांना म्हणायची, "हळू घ्या मावशी, कंबर सांभाळा. मी चालत येते." आणि ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी, बेंबीपर्यंतच्या टाक्यांवर हात दाबून, ती खरंच चालली. चार पावलं. घामानं निथळत होती. मी मोर्चे बघितलेत, लाठीसमोर बसलेली माणसं बघितलीत. त्या चार पावलांची गोष्ट वेगळी होती.

घरी आल्यावर महिनाभर गाळलेली पेज आणि कुळथाचं कढण, चमच्याचमच्यानं. अर्ध्या वाटीला अर्धा तास. एक चमचा घाईनं गेला की उलटी. पुढं केस गळायला लागले, विंचरताना मूठभर हातात यायचे. रडली ती एकदाच. आई बांगडे तळत होती, तेव्हा उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली. आमचं जेवण उरकेपर्यंत आत आली नाही. आल्यावर विचारलं, "मीठ बरोबर पडलं होतं?"

ज्या मुलीची नाळ तिनं सोडवली, तिच्या पहिल्या वाढदिवसाचं बोलावणं आलं तेव्हा ऑपरेशनला सात महिने झाले होते. ताई पाखाडी स्वतःच्या पायांनी चढली. अकरा वेळा बसली. मी मोजत होतो. वाडीतले लोक वरून बघत होते आणि कुणीतरी शिट्टी मारली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावातल्या खालच्या वाड्यांतली माणसं बौद्धवाडीतल्या कार्याला जातात, अंगणात उभी राहतात, सुपारी घेतात आणि जेवायच्या वेळेला सगळ्यांचा उपास असतो. वारबिर काही बघायचा नाही, उपास. वाडी हे ओळखून आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी ताई तिथं पंगतीला बसली आणि तिनं वडे दुसऱ्यांदा मागून घेतले. त्या मुलीची पणजी, वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई, ही गोष्ट येईल त्याला सांगायची: "नर्सबाय आमच्याकडं पोटभर जेवली."

त्या दिवशीही कोंबडी-वडे होते. ताईनं अर्धा वडा आणि चार चमचे रस्सा खाल्ला आणि हात थांबवला. शेजारून कुणीतरी म्हणालं, "बाईंचापन उपास चालू झाला वाटतं."

माझ्या डोक्यात चळवळ पेटली. याच वाडीच्या आज्यापणज्यांना गावानं उष्ट्यावर जगवलंय, आणि माझी बहीण इथं ताटात उष्टं टाकणार? मी तिच्या कानात म्हणालो, "ताई, काय वाटेल ते कर, ताट संपव. इथं उष्टं टाकता येत नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. ताट पुढ्यात ओढलं. उरलेला दीड वडा खाल्ला.

मग ती उठली, घराच्या मागे काजूखाली गेली आणि सगळं ओकली. अख्ख्या पंगतीला ऐकू आलं. एकजण शांतपणे म्हणाला, "झालं. आमचं अन्न पचलं नाय."

मी भाषणाला उभा राहिलो. तोंड धुऊन आलेल्या ताईनं माझा दंड धरून मला खाली बसवलं. "तू गप." मग पंगतीसमोर उभी राहून म्हणाली, "पित्ताशयाचं काही नव्हतं. तुमच्या डोलीत बसले तेव्हाच ठरवलं आणि पोट शिवून घेतलं. आता ते अंड्याएवढं आहे. जास्तीचा घास राहत नाही. घरचा असो नाहीतर तुमचा. सांगायची लाज वाटली, ती माझी चूक."

म्हातारी तिला आत घेऊन गेली, बायका मागोमाग. आत व्रण बघून झाला असावा, कारण बाहेर येऊन म्हातारी थेट माझ्यासमोर उभी राहिली. "आनि तू रे शान्या, तुला ठावं होतं ना? मग घास कशाला भरवलास तिला?"

 

म्हातारीनं त्या वर्षाच्या पोरीची ॲल्युमिनियमची वाटी आणली, तिच्यात निम्म्याला रस्सा घातला आणि ताईला परत पंगतीत बसवलं. वाडीची रीत आहे, शेवटच्या माणसाचं झाल्याशिवाय पंगतीतून कुणी उठत नाही. ताईला अर्धा तास लागला. तीस-चाळीस माणसं खरकटे, वाळलेले हात ताटावर धरून बसून राहिली. कुणी पावसाचं बोलत होतं, कुणी मुंबईहून न आलेल्या पत्राचं. पोरं चुळबुळली की म्हातारी दटावायची, "बसा. बाय जेवते हाय."

पुढच्या महिन्यात वाडीतून दुसऱ्या बाळंतपणाचं बोलावणं आलं. चौघेजण सवयीनं डोली घेऊनच खाली उतरले होते. ताईनं बॅग माझ्याकडे दिली आणि चालायला लागली. डोली रिकामी तिच्यामागून.

"बाई, बसा तरी. रिकामी डोली बरी दिसत नाय."

"वर भरेल ती."

पायऱ्यांवर चार वेळा बसली. मूल आडवं होतं, इथं काम होण्यासारखं नव्हतं, जिल्ह्याच्या इस्पितळात न्यायला हवं होतं. म्हणून उतरताना डोलीत ती बाई होती आणि बाजूला, एक हात बांबूवर ठेवून, ताई. ती बाईला श्वास कसा घ्यायचा ते सांगत होती आणि चौघांना पायरी कुठं निसटलीय ते. खाली जीप उभी होती. आई आणि मूल दोघंही वाचली.

जीप गेल्यावर ताई उपकेंद्राच्या ओट्यावर बसली आणि गुडघे चोळत म्हणाली, "चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतं. हे कुणी सांगितलं नव्हतं." मग माझ्याकडे वळली. "रस्त्याचं ते पत्रक परत काढ. या वेळी खाली माझं नाव घाल."