उरलेल्या जागेतलं गाणं

श्रावणातला पहिला रविवार, सकाळी साडेदहा. जागा: बिदरचं मैलूर, आमच्या घराची पुढची खोली. हजर: शिवराजअण्णा, आळंदच्या गाडीवरचे कंडक्टर. माणिकराव, कमठाण्याहून, शेती आणि थोडी मेंढरं. मी, वही घेऊन. चौथे अप्पा. ते उंबऱ्यातच थांबले, चपला काढायच्या आधी डावा कान आमच्याकडे वळवला आणि विचारलं, "आलं का?"

माझ्या वहीत अशा रविवारांची बरीच पानं आहेत आणि प्रत्येक पानावर पहिला प्रश्न हाच आहे. उत्तर शिवराजअण्णा द्यायचे. "न्हाई अप्पा. गाडी लागली म्हणून सांगायलेत, पर फलाटावर दिसंना."

मग अप्पा खुर्ची तिरकी लावून बसायचे. उजवा कान गेलेला होता. डाव्या कानावर सगळी भिस्त. बसल्यावरही गुडघा हलत राहायचा, बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरायची, आणि चहा येईपर्यंत ते तीनदा मोबाइल उघडून बघायचे.

आम्ही कशाची वाट बघत होतो ते सांगते. बेंगळुरूला एक रॉक बँड आहे. नाव लिहीत नाही, कारण त्यांच्यात दोन तट आहेत आणि नाव कुणी वापरायचं यावरूनही भांडण आहे. तरुणपणी त्यांनी एकच मोठी तबकडी काढली होती, तीही थोड्याच प्रतींची. आता सगळे सत्तरी ओलांडलेले. जुन्या टेप्स ड्रम वाजवणाऱ्याच्या कपाटात, आणि त्याचं गाणाऱ्याशी बोलणं बंद. दर वर्षी ते जाहीर करायचे की जुनं सगळं साफ करून पुन्हा काढतोय, आणि दर वर्षी कुणाचा तरी गुडघा किंवा मोतीबिंदू आडवा यायचा.

तुम्ही म्हणाल, बिदरमधल्या चार माणसांना या बँडचं काय पडलंय? ते सगळं अप्पांचं काम.

अप्पांचं मैलूरमध्ये रेकॉर्डिंग सेंटर होतं. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना आठवत असेल: आपण आवडीच्या गाण्यांची यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, आणि दुकानदार ती भरून द्यायचा. लग्नसराईत अप्पा माईक आणि भोंगेही लावायला जात, पण जीव दुकानात. त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाची यादी संपली आणि टेप उरली, तर ती कोरी ठेवायची नाही. "गिऱ्हाइकानं साठ मिन्टाची कॅसेट घेतलीय, साठ मिन्टं वाजली पायजेत." मग उरलेल्या जागेत ते आपल्या आवडीचं भरायचे. त्यांच्या आवडीचं एकच होतं. हैदराबादच्या रविवारच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगाखाली मिळालेली त्या बँडची तबकडी, आणि तिच्यावरचं शेवटचं लांबलचक गाणं.

आमच्या बाबांनी भजनांची यादी दिली होती. कॅसेट घरी आली, भजनं झाली, आई डोळे मिटून बसली होती आणि एकदम गिटार सुरू झालं. बाबा तशीच कॅसेट घेऊन दुकानात गेले. मी बरोबर होते.

"शेवटी हे काय भरलाव हो? डबे पडल्यासारखं वाजायलंय!"

"काका, जागा उरली होती."

"मग राहू द्यायची की!"

"कोरी टेप बरी न्हाई दिसत," अप्पा म्हणाले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुला कसं वाटलं गं?"

मी बाबांकडे बघितलं. पण ती बाजू मी इतक्यांदा उलटीसुलटी केली की भजनं झिजली.

पुढे कॅसेटी गेल्या. अप्पांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं आली. मी शाळेच्या कार्यालयात लागले, हजेरीपट, दाखले, सामानाच्या याद्या. ते गाणं माझ्या एकटीचं आहे असं मी धरून चालले होते. मग एकदा मादन हिप्परग्याला मावशीकडे जाताना गाडीत कंडक्टर तिकिटं देता देता शीळ घालत होता. तेच गाणं. मी सुट्टे पैसे घ्यायचे विसरले.

"हे कुठं ऐकलंत?"

"आमच्या काकाच्या कव्वालीच्या कॅसेटीत, अगदी शेवटाला. कामून हो अक्का?"

हे शिवराजअण्णा. पुढच्याच रविवारी आम्ही दोघं अप्पांच्या दुकानात गेलो. आम्ही का आलोय ते ऐकून अप्पांनी पहिला प्रश्न विचारला, "कॅसेट साठची का नव्वदची?" मला वाटलं, धंद्याची सवय. मग त्यांनी माणिकरावांचा पत्ता दिला. माणिकरावांच्या घरी धनगरी ओव्यांच्या कॅसेटीत तेच गाणं होतं, आणि ते आजही रानात मेंढरांमागं गुणगुणत होते.

असा आमचा गट झाला. मी वही सुरू केली आणि बँडला पत्रं लिहायचं काम अंगावर घेतलं. पत्रात मागण्या क्रमांक घालून लिहायचे. एक, पहिली तबकडी पुन्हा काढावी. दोन, जुन्या कार्यक्रमांच्या टेप्स काढाव्यात. तीन, गाण्यांचे शब्द छापावेत, कारण माणिकराव गेली कित्येक वर्षं भलतंच काही म्हणतायत.

चौथी मागणी शिवराजअण्णांची, श्रावणातल्या त्या रविवारची. आजकाल जुनं साफ करताना लोक मोडतोड करतात, तेव्हा शेवटच्या गाण्याचा शेवट आहे तसाच ठेवावा. "त्यो माणूस दोनदा ओरडतोय आन् मग सगळं हळूहळू विरतंय बगा, तसंच."

"ओरडतोय कुठं?" माणिकराव म्हणाले. "ओरडायच्या लई आधी संपतंय. ढोल सुरू होतोय आन् विरतंय."

"माणिकराव, कॅसेट मेंढरानं खाल्ली काय तुमची?"

मी दोघांना गप्प केलं आणि सांगितलं की दोघंही चुकताय, ओरडणं झाल्यावर बासरीसारखं काहीतरी येतं, आणि तिथं गाणं विरतं. माझं मी घड्याळ लावून मोजलेलं होतं, अकरा मिनिटं. शिवराजअण्णांचं नऊ. माणिकरावांचं सहा. तिघंही आपल्या बापाची शपथ घ्यायला तयार. मी पेन उघडून बसले होते. पत्र त्याच दिवशी जायचं होतं.

अप्पांचा गुडघा हलायचा थांबला होता.

"अक्का, ते लिहू नका."

"का हो अप्पा?"

"त्ये बँडनं न्हाई केलं. म्या केलंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गाणं पंधरा मिनिटांचं. कुणाच्या कॅसेटीत सहा मिनिटं उरायची, कुणाच्या नऊ, कुणाच्या अकरा. टेप खटकन संपली तर गिऱ्हाइकाला कळतं की गाणं अर्धवट आहे. म्हणून ते घड्याळावर डोळा ठेवून शेवटी आवाजाचं बटण इतकं हळू फिरवायचे की वाटावं, गाणंच संपतंय. "पंधरा मिन्टं जागा कुणाच्याच कॅसेटीत उरली न्हाई. एकाच्याबी न्हाई."

"म्हणजे पूर्ण गाणं तुम्ही एकट्यानंच ऐकलंय?" मी विचारलं.

"व्हय."

"मग तबकडी काढा की!" शिवराजअण्णा म्हणाले.

तबकडी राहिली नव्हती. एका लग्नात माईक लावायला जाताना अप्पांनी ती हौसेनं बरोबर नेली आणि तापलेल्या ॲम्प्लिफायरवर ठेवून जेवायला बसले. उठून बघतात तर पापडासारखी वळलेली. हे सांगताना त्यांनी दोन्ही तळहात वाकवून दाखवले आणि बराच वेळ ते तसेच धरून ठेवले.

माणिकराव रागावले. खरंच रागावले. "इतकी वर्सं मी अर्धंच गाणं म्हणायलोय व्हय? सांगायचं न्हाई का एखाद्या वक्ती?"

"सांगून काय दिलं असतं तुमाला?" अप्पा म्हणाले. "माझ्याकडं तर काय होतं?"

त्यानंतर चौथी मागणी मी नव्यानं लिहिली: शेवटचं गाणं पंधरा मिनिटं, पूर्ण. आणि "आलं का?" या प्रश्नाचा अर्थ मला त्या दिवसापासून वेगळा लागायला लागला. कलबुर्गीच्या कानाच्या डॉक्टरांनी डावा कानही फार दिवस साथ देणार नाही असं सांगितलं होतं. आयुष्यभर भोंग्यांच्या तोंडाशी उभं राहून झालेलं ते. अप्पा रोज सकाळी स्वतःची परीक्षा घ्यायचे आणि निकाल मला सांगायचे. मी लिहून ठेवला आहे. आधी चिमण्या गेल्या. मग फोनची घंटी. मग काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, बांगड्या. शेजारच्या गिरणीचा पट्टा अजून ऐकू येत होता, त्यावर ते खूश असायचे.

"पट्टा हाय तोवर गिटार हाय," म्हणायचे. "पर लवकर काढा म्हणावं त्येंना."

आम्ही म्हणायचो, शेवट कसा आहे तो गाऊन तरी दाखवा. ते डोळे मिटून सुरू करायचे. एकदा गिटार आधी थांबायचं आणि ढोल नंतर. पुढच्या खेपेला उलटं. शिवराजअण्णा म्हणाले, "अप्पा, ह्यो शेवट तर गेल्या आइतवारी येगळा होता." अप्पांनी डोळे उघडले. घरी जाताना मला म्हणाले, "अक्का, माझ्याबी डोक्यातनं जायलंय त्ये. एकदा तुमच्या तिघांच्या म्होरं वाजलं पायजे. तुमची तोंडं बगायचीत मला. न्हाईतर म्या कापलं तेवढंच गावात राहील."

त्यांनी माळ्यावरची तबकडी वाजवायची पेटी उतरवली, दुरुस्त केली, टॉवेलानं झाकून ठेवली. दर रविवारी टॉवेल काढून धूळ पुसायची, पुन्हा झाकायची. काकू म्हणायच्या, "सुनंला बी एवढं जपलं न्हाई ह्येनी."

दिवाळीनंतर बँडनं कळवलं की या वेळी खरंच काढतोय. ड्रमवाल्यानं कपाट उघडलं होतं. आम्ही अप्पांच्या नावानं, त्यांच्याच पत्त्यावर मागणी नोंदवली. आता अप्पा रोज विचारायला लागले. मी शाळेत असताना फोन करायचे, माझं उत्तर त्यांना ऐकू यायचं नाही, म्हणून स्वतःच विचारून स्वतःच फोन ठेवायचे.

माघात त्यांना ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. बाकी माझ्या वहीत काही नाही. त्या रविवारच्या पानावर मी हजर लोकांची नावं लिहिली आणि पान उलटलं.

पार्सल चैत्रात आलं. काकूंनी सही करून घेतलं आणि सरळ माझ्याकडे आणलं. जाडजूड चौकोनी पुठ्ठा, वर अप्पांचं नाव.

"ह्येच का त्ये?" काकू म्हणाल्या. "ह्येच्यासाठी डोकं खाल्लं व्हय माझं?" त्यांनी ते दोन्ही हातांनी तोलून बघितलं. "जड हाय की पर."

रविवारी आम्ही त्यांच्याकडेच जमलो. हजर: शिवराजअण्णा, माणिकराव, काकू, मी. काकूंनी पेटीवरचा टॉवेल काढला. शिवराजअण्णांनी सुई ठेवली, गाडीत म्हातारीला हात देऊन बसवतात तशी. शेवटचं गाणं सुरू झालं.

सहा मिनिटं झाली. ढोल आला. माणिकरावांनी सवयीनं मान खाली घातली, आणि आवाज विरला नाही. त्यांनी मान वर केली. ढोल वाढतच गेला. "आयला," माणिकराव म्हणाले, आणि नंतर नुसते ऐकत राहिले, तोंड उघडं. नऊ मिनिटांना तो माणूस दोनदा ओरडला आणि मग बासरीसारखं ते सुरू झालं. आता शिवराजअण्णांची पाळी. त्यांनी माझा हात दाबला. "अक्का, तुमचं खरं होतं बगा."

मग अकरा. माझी हद्द. ती बासरी जिथं लहानपणापासून विझत आली होती तिथं ती विझली नाही. तिच्याखालून गिटार यायला लागलं. मी पुढं सरकून बसले.

"थांबवा जरा," काकू म्हणाल्या.

शिवराजअण्णांनी सुई उचलली.

"पुढचं म्होरल्या आइतवारी ऐका. त्येनी इतकी वर्सं वाट बगितली, आन् तुमी एका बसण्यात उरकायलाव व्हय?" त्यांनी टॉवेल झटकला, पेटीवर घातला, चारी कोपरे नीट ओढले आणि चहा ठेवायला आत गेल्या.

त्यानंतर सहा रविवार झाले. एकदा माणिकरावांच्या मेंढ्या व्यायला आल्या. एकदा शिवराजअण्णांची पाळी बदलली. एकदा वीज नव्हती. एकदा सगळे हजर होते, वीजही होती, आणि आम्ही लोणच्याच्या कैऱ्या कुठं बऱ्या मिळतात यावर दीड तास बोलून उठलो. मी कामं टाळणारी बाई नाही, हे माझ्या कार्यालयात कुणीही सांगेल. या रविवारच्या पानावर कामं लिहिली आहेत. ड्रमवाल्याला आभाराचं पत्र: झालं. गाण्याचे छापलेले शब्द माणिकरावांना देणं: झालं, पण ते आपलेच म्हणतात. पेटीची सुई बदलणं: झालं.

शेवटची चार मिनिटं ऐकणं: राहिलं आहे.