कुंकू लावलेली फ्लॉपी

टक्... टक्... टक्...

सांडोर गावातल्या आमच्या शाळेमागे केळीची वाडी होती आणि वाडीतल्या विहिरीवर बैलाने फिरणारा गाडग्यांचा रहाट. तो फिरायला लागला की हा आवाज वर्गात यायचा आणि आमच्या फिलोमिना बाई त्याच ठेक्यावर आम्हाला कविता म्हणायला लावायच्या. एक ओळ बाईंची, एक ओळ वर्गाची... आणि मधे गाडग्यातून पन्हळीत पडणारं पाणी.

आज तो आवाज आठवायचं कारण म्हणजे एक जुनी फ्लॉपी. आवराआवरीत सापडली. तिच्यावर अजून कुंकवाचा डाग आहे... हसू नका, सांगतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी रिटायर होऊन विरारला मनवेलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. मुलाने, मंदारने, घरात कम्प्युटर आणला आणि विरार स्टेशनजवळच्या एका दुकानातून माझ्यासाठी मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर.

बाईंना त्या वर्षी ऐंशी पूर्ण होणार होती. नजर अधू झालेली. मी ठरवलं, त्यांनी शिकवलेल्या सगळ्या कविता मोठ्ठ्या अक्षरांत छापून त्यांना द्यायच्या. आठवतील तशा टाइप करायच्या आणि अडलं की वर्गमित्रांना फोन... पाच महिन्यांत एकेचाळीस कविता झाल्या.

एक गोष्ट मात्र विचित्र घडत होती. कविता टाइप झाली की मनातून उतरायची. "आता आत आहे ना," असं म्हणून मन मोकळं व्हायचं जणू.

त्या सॉफ्टवेअरची एक अट होती. ते उघडताना दरवेळी एक ठराविक फ्लॉपी मशीनमध्ये घालावी लागायची. ती त्याची किल्ली. "हिची कॉपी काढून ठेवू का?" असं मी दुकानदाराला विचारलंही होतं. "होत नाही काका, कंपनीनेच तसं केलंय." मला तेव्हाही कळलं नाही की माझ्या किल्लीची दुसरी किल्ली करायला कंपनीची हरकत का...

मग दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी कोयता, कुदळ, शिवणयंत्र, सगळ्याची पूजा. मी कम्प्युटरला झेंडू वाहिला, कीबोर्डवर आपट्याचं पान ठेवलं. आणि वाटलं, तिजोरीची पूजा करायची नि किल्लीला नुसतं लांबून पाहायचं? फ्लॉपीची ती पत्र्याची झडप नखाने सरकवली, आतल्या काळ्या चकतीवर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं आणि मनोभावे नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी फ्लॉपी घातली. मशीन कुरकुरलं... टक्... टक्... टक्... अगदी रहाटासारखं. पण पडद्यावर काहीच येईना. गाडगी रिकामीच वर येत होती.

मी दुकानात धावलो. दुकानदाराने फ्लॉपी उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं.

"काका, हे काय लावलंय?"

"कुंकू."

"मग आता नवीन लायसन्स घ्या. कंपनीकडून यायला महिना लागेल."

"अहो, पण सॉफ्टवेअर मी विकत घेतलंय ना?"

"विकत नाही हो, वापरायची परवानगी घेतलीय. ती या फ्लॉपीत होती."

मी गोंधळलो. नांगर घेतला तर नांगर माझा, पेन घेतलं तर पेन माझं. मग मी नेमकं काय घेतलं होतं? मंदारने फाइल दुसरीकडे उघडून दाखवली, तर सगळे इंग्रजी चिन्हांचे कोळी-किडे. कविता बाईंनी दिलेल्या, बोटं माझी, घर माझं... आणि वाचायची परवानगी तिसऱ्याची?

"हाताने लिहून काढा की," ही म्हणाली. बसलो. पहिल्या कवितेची पहिली ओळ आली, दुसरी येईना. पाच महिने जे आत ओतत होतो ते माझ्याकडे उरलंच नव्हतं की काय... घाबरून वही मिटली.

आणि त्याच रविवारी बाईंचा वाढदिवस. चर्चमध्ये मिसा म्हणजे प्रार्थना, मग जेवण, सगळा जुना वर्ग जमणार. रिकाम्या हाताने कसं जायचं? मी गेलो नाही. अंगात कणकण आहे असं खोटंच कळवलं.

सोमवारी सकाळी मी त्या बंद पडद्यासमोर नुसता बसलो होतो. बेल वाजली. हिने दार उघडलं आणि तिथूनच ओरडली, "अहो, लवकर या!"

दारात फिलोमिना बाई. लिफ्ट नसलेले तीन मजले चढून, एका हाताने कठडा धरून, धापा टाकत उभ्या.

"काल सगळे हजर. तू एकटा गैरहजर," त्या म्हणाल्या. "ताप दिसत नाही अंगात."

दारातच उभं राहून मी सगळं सांगून टाकलं. कविता, फ्लॉपी, परवानगी, कुंकू...

बाईंनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे माझ्या कविता तू लोकांच्या पेटीत ठेवल्यास आणि वर किल्लीला कुंकू लावलंस?"

"हो बाई."

त्या इतक्या हसल्या की हिने त्यांचा हात धरला. "गाढवा, मला छापील कशाला हव्यात? मला दिसतंय कुठे? म्हण. पहिली ओळ म्हण."

साठी उलटलेला मी, उंबऱ्यावर हाताची घडी घालून उभा राहिलो. पहिली ओळ म्हटली आणि अडलो. दुसरी बाईंनी म्हटली, बोटांनी दारावर ठेका धरत... टक्... टक्... टक्...

तिसरी माझ्या तोंडून आपोआप आली. गाडगं भरून वर आलं होतं.